जांभ्याच्या सड्यावर बॉक्साइटचं सॅम्पल कसं घ्यायचं: खड्ड्यापासून लॅबच्या रिपोर्टपर्यंत

कर्नाटकातलं खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि पलीकडं महाराष्ट्रातलं चंदगड, या पट्ट्यात बॉक्साइटच्या (ज्यातून अॅल्युमिनियम काढतात त्या खनिजाच्या) शोधाच्या कामावर दरवर्षी नवीन पोरं लागतात, कोण डिप्लोमावाला असतो, कोण बीएस्सी जिऑलॉजी केलेला, आणि सॅम्पल घेताना चुका मात्र सगळे त्याच त्याच करतात. त्या चुका लॅबमध्ये पकडल्या जात नाहीत. लॅब पिशवीत काय आहे तेवढं सांगते, खड्ड्यात काय होतं ते तिला माहीत नसतं, त्यामुळं पिशवी चुकीची भरली तर पुढचे सगळे आकडे, नकाशे, टनाचे हिशोब चुकीच्याच पायावर उभे राहतात. म्हणून इथं खड्डा मारून, भिंतीत खाचा काढून सॅम्पल घ्यायची पूर्ण रीत क्रमानं लिहितोय. ड्रिलिंगचा विषय यात घेतलेला नाही.

## १. कुदळ उचलायच्या आधी कागद

बॉक्साइट मेजर मिनरल (कायद्यानं मुख्य खनिज) आहे. खाण आणि खनिज कायदा १९५७ च्या कलम ४ प्रमाणं परवान्याशिवाय त्याचा शोध घेता येत नाही, जमीन तुमच्या आज्याच्या नावावर असली तरी नाही, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर अशा खनिजाची लीज लिलावानंच मिळते. बेकायदा खोदकामाला कलम २१ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी ५ लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा हा लेख परवान्याखाली काम करणाऱ्यांसाठी आहे, आपल्या शेतात कुतूहल म्हणून जेसीबी लावणाऱ्यांसाठी नाही. शेतकऱ्याला शंका असली तर त्यानं जिल्ह्याच्या खाण आणि भूविज्ञान खात्यात जाऊन विचारावं.

परवाना हातात असला तरी जागेवर जाऊन तीन गोष्टी बघायच्या.

पहिली म्हणजे आपण नक्की कुठल्या सर्वे नंबरात उभे आहोत. कर्नाटक सरकारचं दिशांक ॲप उघडलं की उभ्या जागेचा सर्वे नंबर दिसतो, तो पहाणीशी (कर्नाटकातल्या सातबाऱ्याशी) जुळवायचा. पहाणीत खराब्याची (पिकाखाली नसलेल्या जागेची) नोंद बघायची, ब-खराब असेल तर ती सार्वजनिक जागा, मालकानं हो म्हटलं म्हणून चालत नाही.

दुसरी गोष्ट जंगल. खानापूरच्या पश्चिमेला शेत कुठं संपतं आणि अरण्य खात्याची हद्द कुठं लागते हे डोळ्यांनी कळत नाही, पुढं भीमगड अभयारण्यही आहे. हद्दीचे दगड शोधायचे आणि शंका आली की खड्डा अलीकडं घ्यायचा.

तिसरी गोष्ट आपल्याच भागातली. सडा (जांभ्याचं सपाट माळरान) एकच असतो पण मधून राज्याची हद्द जाते, इकडं पहाणी तर तिकडं सातबारा. इकडचा परवाना तिकडं चालत नाही. जांभा दोन्हीकडं सारखाच दिसतो त्यामुळं हद्दीजवळच्या खड्ड्याचे कोऑर्डिनेट खड्डा मारायच्या आधी तपासायचे, नंतर नाही.

नकाशासाठी भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या भूकोश पोर्टलवर भूशास्त्रीय नकाशे मिळतात, टोपोशीट (उंचसखल दाखवणारा सरकारी नकाशा) खानापूर-चंदगडसाठी ४८ आय मधली लागते.

> तपासा: परवान्याची प्रत, पहाणी, मालकाची लेखी संमती, अरण्य हद्दीची खात्री. चारातलं एक कमी असेल तर त्या दिवशी सामान गाडीतून उतरवू नका.

## २. सामान

कुदळ, टिकाव, पहार, फावडं, घमेली हे सगळं असतंच. विसरतं ते पुढचं: रुंद छिन्नी आणि दोन किलोचा घण, फाटकी नसलेली ताडपत्री (दोन, एक खड्ड्यात आणि एक वर), मऊ ब्रश, मीटर टेप, ताणकाटा (अडकवून वजन करायचा काटा), शिडी, जाड प्लास्टिक पिशव्या आणि त्यावर घालायला कापडी पिशव्या, परमनंट मार्कर, हेल्मेट, गॉगल, बूट.

ताडपत्री रोज झाडून, पाण्यानं धुवून, वाळवून वापरायची. त्याच ताडपत्रीवर काल कुणी जेवायला बसलं असेल किंवा सिमेंट ओतलं असेल तर ती सॅम्पलला चालत नाही. घमेल्याचंही तसंच. गंज सुटलेलं घमेलं लोहाचा आकडा बिघडवतं.

आणि काम दिवाळीनंतर काढा. कणकुंबीकडच्या पावसात खड्ड्याच्या भिंती धुतल्या जातात आणि खाली पाणी भरतं, असल्या खड्ड्यातलं सॅम्पल घेणं म्हणजे सगळ्यांची मेहनत वाया.

## ३. खड्डा मारणे

ग्रीड (नकाशावर ठराविक अंतरावर आखलेली चौकट) आधी ठरलेलं असतं, त्यावरच्या पॉइंटला खड्डा. इथं पहिली मोठी चूक होते. पॉइंटवर कातळ कठीण लागला की गडी म्हणतो, "सायब, थोडं पल्याड घेऊया की, तिथं मऊ हाय." आणि पोरगं हो म्हणतं. असं दहा ठिकाणी झालं की तुमचे सगळे खड्डे मऊ जागीच आले आणि कठीण जांभ्याची टोपी तुमच्या हिशोबात आलीच नाही. पॉइंट सरकवायचाच असेल तर किती मीटर, कुठल्या दिशेला आणि का, हे वहीत लिहायचं.

खड्डा साधारण दीड मीटर बाय दीड मीटर. निघालेला माल कडेपासून निदान एक मीटर लांब टाकायचा आणि मीटर-मीटरचा ढीग वेगळा ठेवायचा. वरची काळी-तांबडी माती एकदम वेगळी, ती शेवटी लागणार आहे.

कोऑर्डिनेट घेताना एकच पद्धत धरा. खानापूरजवळ १५.६४ अंश असा दशांशातला आकडा येतो, त्याला कुणीतरी १५ अंश ६४ मिनिटं लिहितं, मिनिटं साठाच्या वर जातच नाहीत एवढंही लक्षात येत नाही. १५.६४ अंश म्हणजे १५ अंश ३८ मिनिटं २४ सेकंद. सेटिंगमध्ये डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसची कोऑर्डिनेट पद्धत) आहे का ते बघा. उंची मात्र मोबाइलची धरू नका, ती काही मीटरनं चुकते आणि बॉक्साइटचा थरच कधी कधी तेवढा असतो, खड्ड्याच्या तोंडाची उंची लेव्हल लावून किंवा डीजीपीएसनं (जास्त अचूक जीपीएसनं) घ्या.

> सावधान: मुरूम आणि मातीच्या थरात सरळ उभी भिंत दीड मीटरच्या वर ठेवायची नाही. मेटलिफेरस माइन्स रेग्युलेशन १९६१ मध्ये असल्या मऊ जमिनीसाठी हाच नियम आहे: ४५ अंशांपेक्षा जास्त उभा नसलेला उतार द्या, नाहीतर पायरी काढा, पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. वरची टोपी दगडासारखी दिसते म्हणून लोक बिनधास्त खाली उतरतात पण तिच्या खाली चिकणमाती असते, ती सरकली की वरचा कातळ अख्खा खाली येतो. एकट्यानं कधीच उतरायचं नाही, वर एक माणूस हवाच.

सकाळी उतरायच्या आधी बॅटरी मारून कोपरे बघा, रात्रीत साप पडलेला असतो.

## ४. लॉग लिहिणे, आणि तो सॅम्पलच्या आधी

खड्डा झाला की लगेच छिन्नी मारायची घाई करू नका. भिंत पाच-दहा सेंटिमीटर खरवडून ताजी करा. खोदताना वरची माती खालपर्यंत लिंपली जाते, त्यामुळं न खरवडलेली भिंत सगळी एकाच रंगाची दिसते आणि थर कळतच नाहीत.

मग वरून खाली टेप सोडून थर लिहा, हाच लॉग. आपल्या सड्यावर साधारण क्रम असा लागतो: वर थोडी माती, मग लोहाचा कठीण जांभा, त्याखाली अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) जास्त असलेला जांभा आणि त्यातच बॉक्साइटचे थर नाहीतर गठ्ठे, मग पांढरट-गुलाबी-पिवळी मऊ चिकणमाती, तिला लिथोमार्ज म्हणतात, आणि शेवटी कुजलेला बेसॉल्ट म्हणजे मुरूम. हा क्रम प्रत्येक खड्ड्यात पूर्ण लागेल असं नाही, एखादा थर गायबही असतो.

प्रत्येक थराला लिहायचं: कुठून कुठपर्यंत, रंग, कठीण की मऊ, भोकं आहेत का आणि त्या भोकांत काय भरलंय. शेवटचा मुद्दा जवळजवळ सगळे सोडतात. जांभ्याचा ताजा तुकडा हातात घेऊन बघा, बोटाएवढ्या वेड्यावाकड्या नळ्या असतात, काही रिकाम्या आणि काहींत पिवळी नाहीतर पांढरी माती घट्ट बसलेली. नखानं उकरली की निघते, ओली केली की बोटाला चिकटते. ती माती म्हणजे बहुतेक करून केओलिन (चिनी माती), आणि केओलिनमध्ये सिलिका भरपूर, ती बॉक्साइटमध्ये नको असते. दगड वरून कितीही चांगला दिसला तरी नळ्या भरलेल्या असतील तर रिपोर्टमध्ये सिलिका वर जाणार, आणि लॉगमध्ये नोंद असेल तर ती का वर गेली हे नंतर कळतं.

रंगावरून ग्रेड (मालाची प्रत) ठरवू नका. फिकट दिसतो तो बॉक्साइट आणि तांबडा दिसतो तो जांभा असं धरून चालणारे फसतात, फिकट तुकडा चिकणमातीचाही असतो.

फोटो टेपसकट, खड्ड्याचा नंबर लिहिलेल्या पाटीसकट.

## ५. खाच काढून सॅम्पल घेणे

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बाकी सगळं नीट करून इथं कंटाळा केला तर काही उपयोग नाही.

भिंतीवर उभी खाच मारायची, १० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल, वरून खालपर्यंत एकसारखी. खडूनं दोन उभ्या रेघा आधीच ओढून घ्या. सॅम्पलची लांबी जास्तीत जास्त १ मीटर, पण थर बदलला की सॅम्पलही तिथंच तोडायचं. ०.७ मीटरवर जांभा संपून चिकणमाती लागली तर ०.७ चं एक सॅम्पल, पुढचं वेगळं. मीटर पुरा करायचा म्हणून दोन थर एकत्र केले तर लॅबचा आकडा ना याचा ना त्याचा. थर फारच पातळ, म्हणजे २०-३० सेंटिमीटरच्या आत असेल तर काय करायचं हे कामाच्या सुरुवातीलाच साहेबांकडून ठरवून घ्या, म्हणजे प्रत्येक जण आपल्या मनानं करणार नाही.

खालून सुरुवात करा. सगळ्यात खालचं सॅम्पल आधी काढून पिशवीत भरायचं, मग त्याच्या वरचं. वरून सुरू केलं की वरचा चुरा खालच्या, अजून न काढलेल्या भागावर पडत राहतो.

आता खरी अडचण. भिंत सगळीकडं सारखी कठीण नसते, छिन्नी मारली की मऊ भाग भसाभस पडतो आणि कठीण गाठ जागेवर राहते. गडी दमलेला असतो, तो गाठीच्या कडेनं छिन्नी घालून मऊ तेवढं काढतो, खाच वरून पूर्ण दिसते पण पिशवीत माती जास्त आणि दगड कमी. याच्या उलटही होतं, गाठ अख्खी उचकटून निघते, खाचेच्या बाहेरचा भागही तिच्याबरोबर येतो आणि तो सगळा पिशवीत जातो. दोन्ही चूक. गाठ खाचेच्या रेघेवर छिन्नीनं तोडायची, आतलं तेवढं घ्यायचं, बाहेरचं फेकायचं. वेळ लागतो. लागू दे.

> तपासा: १० × ५ × १०० सेंटिमीटर म्हणजे ५ लिटर माल. जांभ्याची घनता ढोबळ मानानं २ धरली तर एका मीटरला साधारण १० किलो भरायला पाहिजे. ताणकाट्यावर ६ किलो आलं तर खाच कुठंतरी उथळ राहिली, १५ आलं तर कुठंतरी जास्त उचकटलं. दोन्ही वेळी परत बघायचं, वजन वहीत लिहायचं.

बॉक्साइट गठ्ठ्यांच्या रूपात मातीत विखुरलेला असेल तर एका भिंतीवर भागत नाही, समोरासमोरच्या दोन भिंतींवर खाच मारा. अशा जागी नुसते गठ्ठे वेचून "बॉक्साइटचं सॅम्पल" म्हणून पाठवू नका. गठ्ठे आणि माती यांचं वजन वेगवेगळं करून लिहा आणि दोन्हींचं सॅम्पल वेगवेगळं ठेवा, कारण खाण चालू झाल्यावर यंत्र दोन्ही उचलणार आहे.

## ६. फोडणे आणि क्वार्टरिंग

१० किलो माल लॅबला जात नाही, तो कमी करायचा असतो, आणि कमी करायचा म्हणजे वरचे दोन ओंजळी उचलायचे नाहीत.

आधी सगळा माल ताडपत्रीवर घेऊन एक सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत फोडा. मोठे तुकडे तसेच ठेवून क्वार्टरिंग (ढिगाचे चार भाग करून माल कमी करणं) केलं तर एखादा मोठा तुकडा ज्या भागात गेला तो भाग जिंकला. मग फावड्यानं शंकूसारखा ढीग करा, प्रत्येक फावडं बरोबर टोकावर सोडायचं. ढीग मोडून परत तसाच करा, असं तीनदा. मग टोक दाबून ढीग भाकरीसारखा चपटा करा, मधून अधिक चिन्ह काढा, समोरासमोरचे दोन भाग ठेवा, बाकीचे दोन बाजूला. ५ किलो राहिलं. ते आणखी बारीक, ५ मिलिमीटरच्या आसपास फोडून परत तीच क्रिया, अडीच किलो.

ताडपत्रीवर राहिलेली धूळ सोडायची नाही. ठेवायच्या दोन भागांखालची धूळ ब्रशनं झाडून त्यांच्यातच घालायची. धुळीत जास्त करून चिकणमाती असते, म्हणजे सिलिका, ती सोडली की ग्रेड खोटंच चांगलं दिसतं. म्हणूनच दुपारी सड्यावर वारं सुटतं तेव्हा हे काम उघड्यावर करू नका, सकाळी उरका नाहीतर आडोसा करा.

## ७. वाळवणे: चुलीपासून लांब

ओला माल उन्हात पसरून, वरून स्वच्छ कापड घालून वाळवा. शेवटची ओल लॅब १०५ अंशांवर काढते.

घाई म्हणून तव्यावर किंवा चुलीवर भाजून वाळवायची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती ताबडतोब बंद करा. पश्चिम घाटातलं बॉक्साइट मुख्यतः गिब्साइट या खनिजाचं, आणि गिब्साइटच्या वजनात साधारण ३५ टक्के पाणी बांधलेलं असतं. २०० अंशांच्या पुढं ते पाणी सुटायला लागतं आणि तापलेला तवा तिथवर सहज जातो. पाणी गेलं की उरलेल्या मालात अॅल्युमिनाचा टक्का आपोआप फुगतो आणि रिपोर्ट जमिनीत नसलेलं ग्रेड दाखवतो.

## ८. पिशवी, टॅग, डुप्लिकेट

अडीच किलोचे क्वार्टरिंग करूनच दोन भाग करा, एक लॅबला, एक आपल्याकडं. आपल्याकडचा भाग काम संपेपर्यंत आणि नंतरही फेकायचा नाही.

टॅग दोन, एक आत आणि एक बाहेर. आतला कागद छोट्या झिप पिशवीत घालून टाका, नाहीतर ओलीनं त्याचा लगदा होतो. टॅगवर फक्त सॅम्पल नंबर, खड्डा आणि खोली वहीत. आणि आपल्याकडं एक भानगड नेहमी होते, एका पार्टीत (सॅम्पल घेणाऱ्या टोळीत) कुणी मराठी आकडे लिहितं, कुणी कन्नड, कुणी इंग्रजी, आणि मराठी ७ दुसऱ्याला इंग्रजी ६ वाटतो. टॅगवर सगळ्यांनी इंग्रजी आकडेच लिहायचे, हा नियम पहिल्या दिवशी करा. दोन पार्ट्या असतील तर नंबर आधी वाटून द्या, एकीला १ ते ५००, दुसरीला ५०१ च्या पुढं.

दर २० सॅम्पलमागं एक डुप्लिकेट (त्याच मालाचा दुसरा भाग) वेगळ्या नंबरानं घाला, लॅबला न सांगता. मधेमधे प्रमाणित स्टँडर्डही (ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असा माल) घाला.

## ९. लॅबला काय सांगायचं

लॅबची एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता बॉक्साइटच्या तपासणीसाठी आहे का ते बघा, नुसती मान्यता असून चालत नाही. "अॅल्युमिना बघून द्या" एवढंच लिहू नका. एकूण अॅल्युमिना, सिलिका, लोह ऑक्साइड, टायटॅनिया (टायटॅनियमचं ऑक्साइड) आणि एलओआय (तापवल्यावर घटणारं वजन) हे पाच हवेतच, आणि निवडक सॅम्पलवर उपलब्ध (सोड्यात विरघळणारा) अॅल्युमिना आणि रिअॅक्टिव्ह (सोड्याशी लागणारी) सिलिका. बेळगावच्या हिंडाल्कोसारख्या अॅल्युमिना कारखान्यात बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात विरघळवतात आणि रिअॅक्टिव्ह सिलिका तो महागडा सोडा खाऊन टाकते, त्यामुळं एकूण अॅल्युमिना कितीही असला तरी खरेदीदार या दोन आकड्यांकडं बघणार.

## १०. रिपोर्ट आल्यावर

आधी बेरीज करा. पाचही आकडे मिळून १०० च्या जवळ यायला पाहिजेत. समजा अॅल्युमिना ४७, सिलिका ४, लोह ऑक्साइड २०, टायटॅनिया ३, एलओआय २५, तर बेरीज ९९, ठीक आहे. ९३ आली तर लॅबला फोन.

मग एलओआय बघा. गिब्साइटच्या बॉक्साइटमध्ये तो अॅल्युमिनाच्या निम्म्याच्या आसपास असतो. अॅल्युमिना ४७ आणि एलओआय १४ असं दिसलं तर सॅम्पल तापलं असेल, किंवा माल बोहेमाइटचा (कमी पाणी असलेल्या दुसऱ्या अॅल्युमिना खनिजाचा) नाहीतर चिकणमातीचा असेल.

अॅल्युमिना ३८-३९ बघून खूश व्हायच्या आधी शेजारची सिलिका वाचा. शुद्ध केओलिनमध्ये अॅल्युमिना ३९.५ टक्के आणि सिलिका ४६.५ टक्के असते. म्हणजे नुसती चिकणमाती पाठवली तरी अॅल्युमिनाचा आकडा भारदस्त येतो.

सरासरी काढताना लांबीचा हिशोब धरा. १.५ मीटरच्या थराला ४८ टक्के आणि ०.३ मीटरच्या थराला ३० टक्के असेल तर सरळ सरासरी ३९ येते, ती चूक. १.५ × ४८ म्हणजे ७२, ०.३ × ३० म्हणजे ९, बेरीज ८१ भागिले १.८, उत्तर ४५.

डुप्लिकेटमध्ये फरक जास्त आला तर त्या दिवसाचं क्वार्टरिंग कुणी केलं ते वहीत बघा आणि आपल्याकडचा भाग परत पाठवा.

## ११. खड्डा बुजवणे

रिपोर्टची वाट बघत खड्डा उघडा ठेवायची वेळ आली तर चारी बाजूंनी काट्यांचं कुंपण आणि दोरी लावा, सड्यावर गुरं चरायला येतात आणि गवत वाढलं की खड्डा दिसत नाही. काम झालं की खालचा माल खाली, वरचा वर, आणि वेगळी ठेवलेली माती सगळ्यात शेवटी. भरताना थोडी उंच भरा, पहिल्या पावसात ती खाली बसते. मालकाला जागा दाखवून त्याची सही घ्या आणि बुजवलेल्या खड्ड्याचा फोटो त्याच नंबरच्या फाइलला लावून ठेवा.